झाडावर राखलेली सफरचंदं

चष्मेवाल्यांच्या दुकानामागे घर होतं आणि घरामागे त्यांच्या बायकोची बाग. 'बायकोची' असं ते स्वतःच म्हणत. तीस वर्षांत बागेतलं त्यांचं काम एवढंच, की दुकान बंद करून मागच्या पायरीवर बसायचं आणि ती हातात देईल ते खायचं. कधी घेवड्याची कोवळी शेंग, कधी उन्हाने कोमट झालेला टोमॅटो, पदरात असतील तर दोन गाजरं. आणि पानगळ सुरू झाली की सफरचंदं. झाड एकच होतं, कुंपणाकडे कललेलं. पण त्याचं फळ खाल्ल्यावर पुढचे चार महिने चष्मेवाले बाजारातल्या सफरचंदांना नावं ठेवत.

मग लेकीला जुळं झालं. लेक विमानाने नऊ तास लांब. बायको तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तिनाचे सहा झाले, कारण नातवाचं पोट बिघडलं. सहाचे दहा झाले, कारण जावयाची बदली झाली. नात आणि नातू यांच्यात अकरा मिनिटांचं अंतर, पण एकाचं दुखणं बरं झालं की दुसऱ्याचं सुरू व्हायला अकरा मिनिटंही लागत नसत. असं करता करता दीड वर्ष झालं.

पहिल्या वर्षी बाग वाळून गेली. चष्मेवाल्यांनी ते फोनवर सांगितलं नाही, पण बायकोने विचारणं बंद केलं तेव्हा त्यांना कळलं की तिला कळलंय. ते त्यांना फार लागलं. दुसऱ्या वर्षी थंडी ओसरताच त्यांनी कंबर कसली. रोज संध्याकाळी फोन लावून ते वाफ्यांमधून फिरत.

"फोन खाली धरा. पाल्यावर. अहो, तो तुमचा कान आहे."

"आता?"

"आता बूट दिसतोय. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपलात, आणि मला एक भोपळा धड दाखवता येत नाही तुम्हाला."

पण जमत गेलं. घेवड्यावर माव्याची कीड पडली तेव्हा त्यांनी काचा पुसायचं मऊ फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पान पुसलं. टोमॅटोची झाडं काठ्यांना बांधायला सुतळी सापडेना, तर चष्मा गळ्यात अडकवायच्या दोऱ्या वापरल्या. लाल, निळ्या, काळ्या. शेजारच्या बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना पोस्टमास्तरीण म्हणत. त्यांनी कुंपणावरून ते पाहिलं आणि विचारलं, "टोमॅटोंची नजर तपासलीत का?"

बाग अशी काही फळली की बायकोलाही खरं वाटेना. आणि नेमकं तेव्हाच तिचं तिकीट ठरलं. महिनाअखेर.

चष्मेवाल्यांनी त्या दिवसापासून तोडणी थांबवली. बाग तिची, तोडणारही तीच. आपण पायरीवर बसायचं, ती हातात देईल ते खायचं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंग बदलताना, "हे बरं की हे बरं?" असं विचारताना त्यांचं अर्धं लक्ष मागच्या दारात असायचं. टोमॅटो लालभडक झाले, काही तडकले. घेवडा जून होऊ लागला. सफरचंदांनी फांदी वाकली, तिला त्यांनी टेकू दिला.

"अहो, तोडा की," पोस्टमास्तरीण म्हणाल्या. "टोमॅटोला विमानाची वेळ कळत नाही."

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

चौथ्या दिवशी बायकोचा फोन आला. नेहमीच्या वेळेच्या आधी. दोन्ही मुलांना कांजिण्या झाल्या होत्या. लेकीची रजा संपलेली. तिकीट तीन आठवडे पुढे ढकललं होतं.

"बरं," चष्मेवाले म्हणाले.

"रागावलात?"

"नाही गं. मुलांचं आधी."

"मग गप्प का?"

"दुकानात गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. दुकानात कुणीच नव्हतं. चाचणीची खुर्ची रिकामी होती आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वरपासून खालपर्यंत बारीक होत गेली होती. ते त्या खुर्चीत जाऊन बसले आणि बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं की उद्या पहाटे पारा एकदम उतरेल, दव गोठेल. चष्मेवाल्यांनी दुकानाला कुलूप लावलं, टोपल्या काढल्या आणि बायकोला फोन केला.

"तोडा," ती म्हणाली. "सगळं तोडा. एकही ठेवू नका."

"तुझ्यासाठी राखलं होतं सगळं."

"माहीत आहे मला. पोस्टमास्तरणीने सांगितलं. वेडे आहात." मग तिचा आवाज जरा बदलला. "फोन खिशात ठेवा, चालू राहू दे. मी सांगते तसं करा."

ती सांगत गेली. घेवड्याच्या जून शेंगा वेगळ्या काढा, बियाण्याला होतील. भोपळा देठासकट कापा, देठ धरून उचलू नका. हिरवे टोमॅटो कागदात गुंडाळून खोक्यात. पोस्टमास्तरीणही कुंपण ओलांडून आल्या आणि बोलता बोलता गाजरं उपटू लागल्या. सफरचंदांपाशी आल्यावर चष्मेवाले थांबले.

"ओढू नका," खिशातून आवाज आला. "तळहातात धरा आणि हात जरा वर न्या. ज्याची वेळ झाली असेल ते आपणहून येईल."

त्यांनी तसं केलं. फळ देठासकट हातात आलं, जड आणि गार. इतक्या वर्षांत हे झाडावरून कसं सुटतं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"आलं?"

"आलं."

"मग एक खा. फोन जवळ धरा, मला ऐकू येऊ दे."

चष्मेवाल्यांनी फोन तोंडाशी धरला आणि चावा घेतला. पोस्टमास्तरीण गाजरांची माती झटकायच्या थांबल्या, मग उगाचच पलीकडच्या वाफ्याकडे वळल्या.  फोनमधून लांब कुठेतरी एक मूल किरकिरताना ऐकू येत होतं.

"गोड आहे?" तिने विचारलं.

"बरं आहे."

"खरं सांगा."

"फार गोड आहे गं," चष्मेवाले म्हणाले.

नंतरचे आठ-दहा दिवस जो चष्मा न्यायला आला तो पिशवीभर टोमॅटो घेऊन गेला. चांगली सफरचंदं मात्र त्यांनी वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, चष्म्याच्या काड्यांच्या रिकाम्या खोक्यांत मागच्या थंड खोलीत ठेवली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते सगळी उलगडून बघत. डाग दिसला की ते बाहेर, बाकीची परत गुंडाळायची. पुष्कळ गेली. उरली बावीस.

बायको आली ती थेट मागच्या दारातून बागेत गेली. पायातले बूटही काढले नाहीत. वाफे उघडे, काळे. काठ्यांना नुसत्या रंगीत दोऱ्या लोंबत होत्या. झाडावर चार पानं.   चष्मेवाल्यांनी आत जाऊन सफरचंद आणलं.

ती पायरीवर बसली आणि खाल्लं. साल सुरकुतली होती.

"मऊ पडलंय," ती म्हणाली.

"हो. थोडं पडलंय."

"पण आपलंच आहे." तिने दुसरा चावा घेतला आणि उरलेलं त्यांच्या हातात दिलं. ते तिच्याशेजारी बसले. दीड वर्ष ते ज्या घडीची वाट पाहत होते ती हीच होती, आणि ती छान होती.

तेवढ्यात फोन वाजला. नातवंडं होती. अंगावर अजून पुटकुळ्यांचे डाग, एकमेकांना ढकलत दोघं एकदमच 'आजी, आजी' करत होती. बायकोचा चेहरा असा उजळला की चष्मेवाले बघतच राहिले. तिने फोन फिरवून त्यांना बाग दाखवली, झाड दाखवलं, आजोबा दाखवले. सगळं जिथल्या तिथे, एकदाही कान नाही की बूट नाही. मग पलीकडून कुणीतरी फोन बंद केला. बायको त्या काळ्या पडलेल्या काचेकडे पाहत बसली. ते पाहणं चष्मेवाल्यांना चांगलं ओळखीचं होतं.

त्यांना आत काहीतरी टोचलं. राग म्हणावा तर तो राग नव्हता. ती यावी म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि आली ती अर्धीच. उरलेली अर्धी तिकडे दोन छोट्या गादीवाल्या खाटांमध्ये ठेवून आली होती. तिथे गेली की हा अर्धा भाग इथे राहणार. यात कुणाची चूक काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. बायको वाफा खणत होती.

"आता काय लावतेस? थंडी आली."

"लसूण. तो थंडीतच लावतात. उन्हाळा लागला की निघतो."

ते शेजारी उकिडवे बसले आणि एकेक पाकळी तिच्या हातात देऊ लागले. निमुळतं टोक वर, बूड खाली. ती मातीत दाबत होती.

"काढायला तू असशील?" त्यांनी विचारलं.

तिने दोन पाकळ्या लावल्या. "तुम्हीच या ना तिकडे," ती म्हणाली. "पोरांनी कालपर्यंत तुमचा फक्त कान पाहिला होता."

"आणि दुकान?"

"दोन महिने लोक जुन्या चष्म्याने बघतील."

"आणि हा लसूण?"

"मी काढेन की," कुंपणापलीकडून पोस्टमास्तरीण म्हणाल्या. त्या केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे.

 मुठीतल्या पाकळ्या चष्मेवाल्यांनी उगाच मोजल्यासारख्या केल्या. मग विचारलं, "तिकडे अंगण आहे का गं लेकीकडे?"

"एवढंसं आहे. ऊन येतं पण."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढची पाकळी तिच्या हातात दिली.