टाइप न करायचा शब्द

माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कोपऱ्यात हवामान दिसतं, माऊसमागे एक मांजर धावतं आणि कॉपी केलेल्या शेवटच्या पन्नास गोष्टी लक्षात ठेवणारी एक डबीही आहे. साहेब विचारतात, "बाई, पंपांच्या तक्रारी बघता की मांजर पाळता?" मी म्हणते, "दोन्ही."

सगळ्यात लाडका प्रोग्रॅम म्हणजे शब्द फुगवणारा. एक शब्द टाइप करून स्पेस दाबली की त्याच्या जागी आपण ठरवून ठेवलेला अख्खा मजकूर उमटतो. सूचनेत लिहिलं होतं, एरवी कधीच वापरणार नाही असा शब्द निवडा. गिऱ्हाइकांना पाठवायच्या ठरीव उत्तरासाठी मी क्षणभरही विचार न करता लिहिलं, 'ताई'.

दोन वर्षं आमचा अबोला होता. माझ्याच घरी येऊन, चारचौघांत ताई म्हणाली होती, "पडदे उलटे शिवलेस गं." पडदे उलटेच होते, म्हणून तर मला झोंबलं. मग मीही तोंडाला येईल ते बोलले.

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, सोमवारी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ती जाम घाबरलीय, पण तुला सांगू नको म्हणते." ताईला फोन करायचा धीर होईना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ईमेल लिहायला बसले. टाइप करताना मी बोटांकडे बघते, स्क्रीनकडे नाही. 'ताई माझं चुकलं. तू घाबरू नकोस.' डोळे भरून आले होते. तसंच पाठवून टाकलं.

मग वर बघितलं. ताईला गेलं होतं ते असं: 'आपली तक्रार नोंदवली आहे. झाकण स्वतः उघडू नये. आमचा माणूस सात दिवसांत येऊन खराब भाग बदलून देईल. माझं चुकलं. तू घाबरू नकोस.'

मी कपाळावर हात मारून घेतला. आधीच अबोला, त्यात ही थट्टा! दुष्काळात तेरावा महिना. आता ही बाई जन्मात माझं तोंड बघणार नाही.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'खराब भाग डॉक्टर बदलणार आहेत. सात दिवस थांबायला मला वेळ नाही. माणूस पाठवू नकोस. तू ये.'

मी उत्तर टाइप केलं नाही. फोन लावला, "ताई" म्हणाले आणि नाक पुसलं. तिकडे तीही नाक ओढत होती.