माझी रेघ का डुलायची

मित्रांनो, मी एक करडा डबा आहे. आता थोडा जुना झालोय, एका कोपऱ्याला पोचा आलाय. पण माझं काम ऐकलंत तर मला दोनदा निरखून बघाल. मी खोटं हृदय आहे! छातीला तारा लावून ठोके कागदावर काढणारं ईसीजी मशीन तुम्ही पाहिलं असेल. ते मशीन खरं बोलतं की नाही, हे मी तपासतो. संगणक मला आकडे देतो, मी त्या आकड्यांची इवलीशी वीज करतो आणि मशीनकडे पाठवतो. मशीनला वाटतं, आला कोणीतरी पेशंट. मला या फसवणुकीची भारी गंमत वाटते.

माझा जन्म अंधेरीतल्या एका औद्योगिक वसाहतीतला. मधुवंतीने मला बनवलं. तिने चांगली नोकरी सोडून नवऱ्याबरोबर, म्हणजे जयवंतबरोबर, तिथे एक गाळा भाड्याने घेतला होता. मुलुंडच्या एका इस्पितळाने त्यांना सांगितलं होतं, की सोमवारी सकाळी डबा आणून दाखवा, पसंत पडला तर आमच्या सगळ्या शाखांसाठी घेऊ. पसंत पडला नाही, तर गाळा सोडायचा आणि मधुवंतीने पुन्हा नोकरी शोधायची, हे दोघांचं ठरलं होतं. मी मग कुर्ल्याला भंगारात गेलो असतो.

माझ्या पोटात पत्र्याची एक गोल, सोनेरी डबी आहे. तिचं काम एकच, कायम सारखंच व्होल्टेज देणं. वाण्याच्या तराजूत वजन असतं ना, तशी ती. तिच्यावरूनच मी प्रत्येक आकड्याची वीज मापतो. वजनच कमीजास्त व्हायला लागलं तर मापाला अर्थ काय?

खंडेनवमीला गाळ्यात यंत्रांची पूजा झाली. झेंडूचे हार आले, पेढे आले. जयवंतची आई, सुगंधाबाई, खास घाटकोपरहून आल्या होत्या. माझं झाकण तेव्हा उघडंच होतं. आतली डबी चमकताना पाहून त्यांना वाटलं, हाच ह्याचा देव. त्यांनी ओलं हळदकुंकू थेट तिलाच लावलं, चांगलं सढळ हाताने! मला तर मोठा मान वाटला, खोटं कशाला बोलू?

आणि त्यानंतर मशीनच्या कागदावर माझी रेघ डुलायला लागली.

खरखर नाही, थरथर नाही. दोन ठोक्यांमध्ये सरळ राहायला हवी ती रेघ सावकाश वर जायची, सावकाश खाली यायची. भराभर थरथरणारा गोंधळ गाळून टाकता येतो, मित्रांनो. पण हा इतका हळू, की गाळायला जावं तर हृदयाच्या ठोक्याचा आकारच बिघडतो. हे येतं तरी कुठून? मलाही कळेना. माझ्याच पोटातली गोष्ट, आणि मलाच पत्ता नाही!

मधुवंतीने डबीला मोठा कपॅसिटर, म्हणजे विजेचे चढउतार सोसून घेणारा भाग, जोडला. डोलणं थोडं कमी झालं. मग तिने माझ्या आतल्या दोन वाटांची सतत अदलाबदल सुरू केली, म्हणजे एका वाटेची चूक दुसरीने फेडावी. आणखी कमी झालं. मग तिचं लक्ष पंख्याकडे गेलं. वाऱ्याने डबीचे पाय, म्हणजे तिच्या खालच्या बारीक तारा, गार-गरम होतात आणि तेवढ्यानेही रेघ हलते. तिने श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन पुसून माझ्या डबीवर पालथा घातला. बघा, कुंकू पुसायचं तिच्या मनातही आलं नाही! पूजेचं कुंकू आपणहून झडेपर्यंत कोण पुसतं?

रेघ तरीही डुलतच होती. सकाळी जास्त; दिवसभर एसी चालला की कमी.

"सोमवारी सकाळीच दाखवायचंय," जयवंत म्हणाला. "आपली वाट लागली, मधू."

"थांब रे जरा. सकाळीच का? सकाळी असं वेगळं काय असतं इथे?"

हा प्रश्न मला फार आवडला. घाबरलेली असूनही ती विचारत होती.

रविवारी सुगंधाबाई दोघांसाठी जेवणाचा डबा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून आपल्या मालवणीत म्हणाल्या, "माझा कुंकू खंय गेला गो?"

मधुवंतीने हसत श्रीखंडाचा डबा उचलला, आणि वाकून जवळून बघायला लागली. कुंकू ओलसर दिसत होतं. रात्रभर एसी बंद, गाळ्यात दमट हवा. ते कुंकू पाणी ओढून घेत होतं. त्याचा एक ओघळ डबीच्या पायांपर्यंत उतरला होता, आणि त्या ओलीतून माझी वीज पायापायांत झिरपत होती.

"जयवंत, स्पिरिट दे. हे धुवायला हवं."

"अगं, पूजेचं कुंकू धुतेस? आधीच ऑर्डर लटकलीय!"

मधुवंतीचा हात अडला. तिने सासूबाईंकडे पाहिलं. "आई, मी काय करू?"

सुगंधाबाईंचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे झाला मां ह्या?" मग त्या जयवंतवर डाफरल्या, "अरे, देवाक रोज न्हाणतंव मां? जुना कुंकू जाताच मगे. ह्याकाय न्हाणय गो, बाय. नि नवा लाव भायर, झाकणार."

मधुवंतीने मला स्पिरिटने आंघोळ घातली, गरम हवेने वाळवलं. सोमवारी इस्पितळात मृणालिनी नावाच्या तंत्रज्ञ बाईंनी मला मशीनला जोडलं. भर सकाळची वेळ. माझी रेघ सरळच्या सरळ! "झकास," बाई म्हणाल्या. मधुवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. जयवंतने लगेच आईला फोन लावला.

आता मी त्याच गाळ्यात, इस्पितळाच्या शाखांसाठी बनणाऱ्या माझ्या धाकट्या भावंडांची परीक्षा घेतो. खंडेनवमीला सुगंधाबाई येतात, आधी झाकण दाबून बघतात आणि मगच बोट कुंकवात बुडवतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांवरही जरूर माया करा. फक्त हात लावण्याआधी आम्हाला एकदा विचारा, "बाबा रे, तुला कुठे चालेल?" आम्हाला बोलता येत नाही. आमची रेघ डुलते, तेवढंच. ती बघा, आणि मधुवंतीसारखं विचारत राहा, सकाळीच का?