पुंगळीला छप्पर

आमच्या शाळेची घंटा म्हणजे तोफगोळ्याची रिकामी पितळी पुंगळी. लढाई संपल्यावर नदीकाठी सापडली, ती मीच मुलेम्बाच्या झाडाला टांगली. शाळाही त्याच झाडाखाली. पाऊस आला की पोरं घरी पळतात, आणि आमच्याकडे पाऊस सहा-सहा महिने हलत नाही. पाढे पाचाच्या पुढे कधी गेलेच नाहीत. छप्पर मागून मागून माझे केस पिकले.

मग राजधानीहून, लुआंडाहून, सेन्योर अदाल्बेर्तो हे सरकारी साहेब आले, नवा कायदा काखेत मारून. सुरुंग काढायला आणि दारूगोळा नीट सांभाळायला सरकारी मदत! घंटा बघून त्यांचे डोळेच पांढरे झाले.

"बाई, हा दारूगोळा आहे!"

"अहो, रिकामी आहे ती. हवं तर आत डोकं घालून बघा."

"कलम चार : भरलेला असो वा रिकामा. पक्क्या भिंती, पत्र्याचं छप्पर, पहारेकरी. मदत मंजूर!"

म्हटलं, नशीब फळफळलं! दोन महिन्यांत इमारत उभी राहिली. खिडक्या काय, हिरवा रंग काय! साहेबांनी पुंगळी आत टेबलावर ठेवली आणि दारात पाटी रोवली : पन्नास मीटरच्या आत कोणीही येऊ नये.

"आणि पोरं?" मी विचारलं.

"पोरं झाडाखाली. कायद्यात पोरांचा उल्लेख नाही."

माझं डोकंच फिरलं. चाळीस पोरं भिजणार, आणि पितळेला पडसं होऊ नये म्हणून छप्पर? मी तरातरा आत घुसले. पहारेकरी सापालो "बाई, मागे फिरा!" असं ओरडत स्वतःच पन्नास मीटर पळाला. मी पुंगळी उचलली, परत झाडाला टांगली आणि सणसणीत टोला हाणला.

"आता दारूगोळा कुठाय, साहेब?"

"झाडावर," ते पुटपुटले.

"मग पोरं झाडाखाली बसवू? काय म्हणतो तुमचा कायदा?"

साहेबांनी घाम पुसला, टेप काढली आणि झाडापासून इमारतीच्या दारापर्यंत मोजलं. बावन्न मीटर. मग पाटी उपटून त्यांनी स्वतःच झाडाखाली रोवली.

"पोरांना आधी आत घ्या, बाई! इथं धोका आहे!"

त्याच दुपारी पाऊस कोसळला. पत्र्यावर असा धडधडाट, की सहाचा पाढा माझा मलाच ऐकू येईना. पण एकही पोर घरी गेलं नाही. मी फळ्याकडे तोंड करून पोटभर रडून घेतलं.

शाळा सुटायची वेळ झाली, तेव्हा सापालो नियमाप्रमाणे पन्नास मीटरवरून घंटेला दगड मारत होता. नेम काही लागेना, आणि आम्हाला कुणाला घाई नव्हती.