चौकटीला उलटी टांगलेली कोरफड

मित्रांनो, मुखेडमधल्या एका घराच्या चौकटीला उलटी टांगलेली होती ना, ती जुनी कोरफड म्हणजे मी. मुळं वर, पानं खाली. पण तेव्हा जरा नीट बघायला हवं होतं. माझ्या प्रत्येक पानाचा शेंडा वळून आभाळाकडेच गेला होता. मला उलटं टांगणं सोपं होतं. उलटं वाढायला लावणं कुणाला जमलं नाही.

माझा जन्म लोह्याजवळच्या मुरमाड बांधावर झाला. या घरच्या सिंधुबाईंनी मला मुळासकट उपटलं, काळ्या दोऱ्यात बिब्ब्यासोबत बांधलं आणि अमावास्येला दारावर चढवलं. घराला दृष्ट लागू नये म्हणून. आठ महिने ना माती, ना पाणी. पानांतल्या गरावर मी जगले. येणारे-जाणारे मला नमस्कार करत, पण हात कुणी लावत नसे. साऱ्या घराची दृष्ट म्हणे माझ्यात उतरलेली!

एका सकाळी भाकरी शेकताना सून उज्वलाच्या मनगटाला तवा लागला. हात बराच वेळ नळाखाली धरून ती माझ्याकडे धावली.

"आगं, ती दिष्टीची हाय! हात लावू नको तिला," सिंधुबाई ओरडल्या.

"आत्याबाई, हात माझा जळून राहिलाय, दिष्टीचा न्हाई!"

तिनं माझं पान मोडलं आणि तसंच मनगटावर घासलं. मोडल्याबरोबर निघणारा पिवळा चीक निथळूच दिला नाही. घटकाभरात मनगट खाजून लालभडक झालं.

"बघ! म्हणलं व्हतं ना? येत्या अमावास्येला हिला तिठ्यावर टाकून येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक घाईची, आणि शिक्षा मला! अमावास्या चार दिवसांवर आली होती.

दुपारी शेजारच्या पंचशीलाताई आल्या. त्या आशा कार्यकर्त्या. हात बघून हसल्याच.

"उज्वला, आंबा खाताना चीक काढतीस का न्हाई? मंग हिचाच का न्हाई काढला?"

त्यांनी मनगट धुवायला लावलं. माझं दुसरं पान कापून वाटीत उभं ठेवलं. पिवळा चीक सगळा खाली उतरला. मग पान धुतलं, काटे काढले, साल सोलली. स्वच्छ गर आधी दुसऱ्या हातावर थोडासा लावून पाहिला. खाज आली नाही, तेव्हाच भाजल्या जागी लावला.

"थंड वाटतंय," उज्वला म्हणाली.

"वरवरचं हाय म्हणून. फोड आला, खोल भाजलं, तर सरळ दवाखाना. आन् हिचा रस मनानंच प्यायचा न्हाई. पोटुशीनं तर मुळीच न्हाई."

उरलेला गर सिंधुबाईंनी हळूच आपल्या कोरड्या कोपरांना चोळला. मी पाहिलं!

अमावास्येला त्या स्टुलावर चढल्या. दोरा कापला. मी मनात म्हटलं, न्या तिठ्यावर! तिथंही रुजून दाखवीन.

पण त्या दारातूनच मागं वळल्या. तुळशीशेजारी फुटक्या बादलीत माती भरली आणि मला सरळ उभं केलं.

"दिष्टीची तर दिष्टीची," त्या पुटपुटल्या. "सुनेचा हात तर निवला."

त्या दिवशी चौकट मोकळीच राहिली.

मित्रांनो, मला नमस्कार नको, मूठभर माती द्या. पाणी थोडंच घाला. आणि पान कापाल तेव्हा चीक निथळेपर्यंत थांबा. मी आठ महिने उलटी लटकून थांबले. तुम्हाला घटकाभर थांबायला काय झालं?