खालची परात

क्रस्तोने मेणबत्ती परातीतल्या वाळूत खोचली, उजव्या खांद्यापासून डाव्या खांद्यापर्यंत क्रूस केला, आणि मग त्याची नजर वर गेली. वर आणखी एक परात होती. तिच्यातही मेणबत्त्या जळत होत्या.

वरची परात जिवंतांची, खालची मेलेल्यांची. कोटोर गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्रस्तोलाही होतंच. पण गेली कित्येक वर्षं तो संत लूकाच्या या जुन्या चर्चमध्ये फक्त मर्तिकाला येत होता. आई गेली तेव्हा आला, भाऊ गेला तेव्हा आला, मग बोटीवरचे सोबती एकेक करून जायला लागले. दरवेळी वाकायचं, खाली खोचायचं, बाहेर पडून राकी दारूचा घोट घ्यायचा. हाताला वळणच पडलं होतं. आजही हात डोक्याला न विचारता खाली गेला.

आणि मेणबत्ती होती दारिंकाची. दारिंका म्हणजे त्याची बायको, जी या घटकेला खाडीपलीकडच्या इस्पितळात पडून होती आणि जिच्या हृदयातली झडप डॉक्टर आज बदलणार होते.

झडप म्हणजे काय हे क्रस्तोला समजावून सांगायची गरज नव्हती. उभा जन्म त्याने जहाजांच्या इंजिनांत काढला होता. झडप बदलताना काय काय बिघडू शकतं ते त्याला पाठ होतं, आणि तीच तर पंचाईत होती. सकाळी पलंगाशेजारच्या यंत्राला कान लावून त्याने नर्सला विचारलं होतं, "याचा आवाज बरोबर येत नाही. शेवटचं वंगण कधी घातलंत?" त्यावर दारिंकाने डोळे मिटून घेतले होते.

"याला कुठेतरी पाठवून दे," ती मुलीला, नेवेनाला म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "जा, माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव. एवढं तरी धड कर."

तो निघाला, पण आधी घरी गेला. कुलूप पाहिलं. अर्ध्या जिन्यावरून परत जाऊन पुन्हा पाहिलं. दारिंका आयुष्यात कधी दार लावायला शिकली नव्हती. कुणीही आलं, टपालवाला असो, शेजारीण असो की नुसतंच मांजर असो, ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दार उघडं आहे!" जणू चोरांची गैरसोय होऊ नये. त्यावरून दोघांची जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नव्हती. क्रस्तोने शेवटी तीन कड्या बसवल्या. तिसरी कडी तर आतली आहे की बाहेरची हे आता त्यालाही नीट सांगता येत नसे.

आणि एवढं सगळं बंदोबस्तात ठेवणाऱ्या माणसाने बायकोला मेलेल्यांत नेऊन ठेवली होती.

त्याने हात पुढे केला, तेवढ्यात दारातून लाल छत्री आत आली. छत्रीमागून गाईड, गाईडमागून अख्खं जहाज. धक्क्याला सकाळीच मोठी प्रवासी बोट लागली होती. माणसं फरशीवरच्या थडग्यांवरून कॅमेरे सांभाळत आली, क्रस्तोला खांबापाशी ढकलून गेली, आणि जिथे जागा दिसली तिथे मेणबत्त्या लावत सुटली. गर्दी पुढे सरकेपर्यंत खालची परात गच्च भरली होती. सगळ्या मेणबत्त्या एकाच जाडीच्या, एकाच मधाळ रंगाच्या.

क्रस्तोने चष्मा पुसला. कडेची, जरा कललेली, हीच असणार. आपण कधी काही सरळ खोचलंय? त्याने ती हळूच उपसली आणि वरच्या परातीकडे नेली.

"ए! माझ्या मितारला कुठे घेऊन चाललास?"

मागे आंजे उभी होती. मितार बेकरीवाल्याची विधवा. हातात पाव विकायची टोपली, टोपली रिकामी, आवाज भरलेला.

"हा... मितार आहे?"

"नाहीतर कोण? आत्ता लावलाय त्याला. ठेव खाली!"

"आंजे, चुकून झालं गं."

"जन्मभर घोरला माझ्या कानाशी. आत्ता कुठे झोप लागायला लागलीय मला, आणि तू त्याला वर आणतोस? ठेव म्हणते ना!"

क्रस्तोने मितारला होता तिथे ठेवला. सवयीने "माफ कर रे" असंही पुटपुटला. मितारच्या शेजारच्या मेणबत्त्या त्याच निर्विकारपणे जळत होत्या. त्यांतली एक दारिंका होती.

"काय गोंधळ आहे?" मेणबत्त्यांच्या टेबलामागून स्ताने मावशीने विचारलं. काळा रुमाल, काळा स्वेटर, आणि तिच्यापुढे मेणबत्त्यांच्या गठ्ठ्यांवर पसरलेलं काळं मांजर. "मेलेल्यांना तरी धड जळू द्या की."

क्रस्तो वाकून तिच्या कानात बोलला. स्ताने मावशीला ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्याला तीन वेळा बोलावं लागलं, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत आंजेलाही सगळं कळलं होतं.

"अरे देवा," आंजे म्हणाली, आणि टोपली खाली ठेवून बसली.

"मग वर दुसरी लाव," स्ताने मावशी म्हणाली.

"तसं कसं? खालची म्हणणार गेली, वरची म्हणणार आहे. देवाने कुठली खरी धरायची?"

"जी आधी आली ती," आंजे म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून, "मला आपलं वाटतं. माझ्या चुलतबहिणीनेही असंच केलं होतं. नवऱ्याची खाली लावली."

"मग?"

"मग काय. बकरी मेली."

"आणि नवरा?"

"तो आहे अजून." आंजेने उसासा टाकला. "बकरी फार गुणी होती."

क्रस्तोने घड्याळ पाहिलं. दहाला आत नेणार होते. दहा कधीच वाजून गेले होते. म्हणजे आता छाती उघडली असेल. आता जुनी झडप काढली असेल, आणि नवी बसवायच्या आधीचा तो वेळ असेल, जेव्हा आत काहीच नसतं. त्या वेळाबद्दल त्याने डॉक्टरला सकाळीच विचारलं होतं, आणि डॉक्टर त्याच्याकडे पाहून नुसतं हसला होता. हसणारा मेकॅनिक क्रस्तोला कधीच आवडला नव्हता.

मागे चुर्र असा आवाज झाला.

स्ताने मावशी बादली घेऊन आली होती. खालच्या परातीतल्या मेणबत्त्या मुठीमुठीने उपटून ती पाण्यात टाकत होती.

"थांबा!" क्रस्तो मध्ये पडला. हात पसरून तो परातीपुढे उभा राहिला. "त्यात दारिंका असेल!"

"अरे, बोट आलीय. गिऱ्हाइकांना जागा नको करायला?"

"मावशी, पाया पडतो. विझवू नका."

"मगाशी तर काढायची होती तुला!"

"काढायची होती. विझवायची नव्हती."

एका प्रवाशाने त्याचा तसाच, हात पसरलेला फोटो घेतला आणि मान लववून आभार मानले. त्याला हे इथलंच काही व्रत वाटलं असावं.

स्ताने मावशीने बादली खाली ठेवली. पदराने हात पुसावेत तसे तिने स्वेटरला हात पुसले आणि ती त्याच्याजवळ आली. आता तिचा आवाज खाली उतरला होता.

"ऐक, क्रस्तो. मी सांगणार नव्हते. पण तू आज कुणाला जळूही देत नाहीस आणि विझूही देत नाहीस. तुझी दारिंका दर रविवारी येते. तुझ्या नावाने दोन लावते. एक वर, एक खाली. इतक्या वर्षांत तुला काही झालं? साधं पडसं तरी?"

क्रस्तोचे हात हळूहळू खाली आले.

"खाली? माझी?"

आंजेला अचानक टोपलीची कडी नीट बसवायची आठवण झाली.

"मीही विचारलं होतं एकदा," स्ताने मावशी म्हणाली. "म्हटलं, बाई, माणूस तर धडधाकट फिरतोय, कुलपं ओढून बघत. तर म्हणाली, वरची आहे ती त्याचीच. खालची, पूर्वी जो जिन्यात शीळ घालत यायचा, त्याची."

गाईड कुठल्याशा राजाबद्दल सांगत होता. मांजराने कूस बदलली.

पहिल्या सफरीत क्रस्तोने डेकवर शीळ घातली होती, आणि मुकादमाने त्याच्या कानफटात मारली होती. बोटीवर शीळ घालत नाहीत, वादळ येतं. मग त्याने बोटीवर कधी घातली नाही. हळूहळू घरी आल्यावरही घालेनासा झाला, कारण बोट कुठेतरी असतेच, कुणाची ना कुणाची. पलंगावर टोपी ठेवायची नाही, शुक्रवारी निघायचं नाही, कड्या दोनदा पाहायच्या. एकेक करून सगळे नियम त्याने घरी आणले. शेवटची शीळ कधी घातली ते त्याला आठवेना.

"कधीपासून लावते?" त्याने विचारलं.

"मी या टेबलावर बसायच्या आधीपासून."

त्याच्या खिशात फोन थरथरला. पडद्यावर नेवेनाचं नाव होतं. त्याला बटण सापडेना. आंजेने दाबून दिलं.

"बाबा, डॉक्टरांना उशीर झाला. आईला आत्ता आत नेतायत."

"आत्ता? म्हणजे अजून काहीच..."

"नाही ना. आई विचारतेय, मेणबत्ती लावलीस का?"

"लावली."

पलीकडे थोडी कुजबुज झाली.

"विचारतेय, कुठल्या परातीत?"

क्रस्तोने खालच्या परातीकडे पाहिलं. स्ताने मावशीच्या तडाख्यातून वाचलेल्या मेणबत्त्या एकमेकींना टेकून जळत होत्या.

"फोन तिच्या कानाला लाव," तो म्हणाला.

"बाबा, ते नेतायत तिला."

"लाव म्हणतो ना, बेटा."

तो भिंतीकडे वळला. भिंतीवरच्या संताचा अर्धाच चेहरा उरला होता. क्रस्तोचे ओठ कोरडे पडले होते. पहिल्यांदा नुसती हवा आली. त्याने ओठ ओले केले. दुसऱ्यांदा सूर आला, फाटका, मग त्याच्यामागून वर चढणारे दोन, शेवटचा जिन्याच्या शेवटच्या पायरीसारखा जरा उंच.

गाईड बोलायचा थांबला. लाल छत्रीखालची सगळी डोकी वळली. आंजेने घाईघाईने क्रूस केला. चर्चमध्ये शीळ घालणं बोटीवर घालण्यापेक्षा वाईट, हे तिथल्या मांजरालाही माहीत होतं.

"फोटो नको! फोटो नको!" स्ताने मावशी प्रवाशांवर ओरडली. कुणीच फोटो काढत नव्हतं.

फोनमधून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता. एक चाक कुरकुरत होतं. त्याला तेल हवं होतं. मग चाकं थांबली. आणि मग दारिंकाचा आवाज आला, फोनपासून जरा लांब, नेवेनाला उद्देशून.

"सांग त्याला, दार उघडं आहे."