बर्फाच्या भिंतीआड

मी एक जुनी शेगडी आहे. पेलेट ग्रिल म्हणतात मला. मी कोळशावर चालत नाही आणि गॅसवरही नाही. भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या लाकडी कांड्या माझ्या बाजूच्या पेटीत ओततात. एक मळसूत्री दांडा त्या हळूहळू पुढे ढकलून विस्तवाच्या वाटीत टाकतो आणि एक लहानसा पंखा त्यांना फुंकर घालत राहतो. माझे एक चाक मोडले आहे, त्याखाली वीट आहे. झाकणावरचा रंग उडाला आहे. तरी मित्रांनो, मी अजून तापते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी मी आले ती ओरिन बाके यांच्या निवृत्तीची भेट म्हणून. ओरिन बंदरावर वेल्डर होते. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, लाकडी ओट्यावर उभे केले. पहिला उन्हाळा मजेत गेला. मग हिवाळा आला आणि माझी फजिती झाली. सरोवरावरून वारा सुटला की मी कितीही कांड्या खाल्ल्या तरी झाकणावरचा उष्णतेचा काटा पुढे सरकेना. दुसऱ्या कुणी मला तळघरात टाकून दिले असते. ओरिन मात्र हातमोजा काढून, माझ्या अंगाभोवती हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. लोखंडातून उष्णता कुठून निसटते हे शोधण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती.

त्यानंतर त्यांची एक रीत ठरली. कांड्यांची पोती ते घरात, कोरड्यात ठेवत. प्रत्येक वेळी विस्तवाच्या वाटीतली राख खरवडून काढत. वेल्डिंगच्या कामातली न जळणारी जाड चादर माझ्या झाकणावर घालत, पण चिमणीचे तोंड मोकळे सोडत. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, बर्फ ओलसर असतो तेव्हा, फावड्याने थापून माझ्या तीन बाजूंना भिंत रचत. माझ्यापासून हातभर लांब आणि झाकणाहून वीतभर उंच. थंडी वाढली की ती भिंत दगडासारखी होई. तिच्या आडोशाला मी उणे वीसमध्येही तीनशेपर्यंत तापत असे. आमच्याकडचे माप असे, की पाणी बत्तीसला गोठते आणि दोनशे बाराला उकळते.

गावात कुणी गेले, की अंत्यप्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवण असते. बारा वर्षे त्या जेवणाचे मांस माझ्यावर शिजले. कुणी सांगायला येत नसे. ओरिन चर्चची घंटा ऐकत, डुकराचे खांदे आणत आणि मला पेटवत. कुणाच्या घरचे दुःख आहे हे मला मांसाच्या वजनावरून कळे. मोठा गोतावळा असेल तर चार खांदे, एकटा म्हातारा असेल तर दोन.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ओरिन स्वतः गेले. दुपारी खुर्चीत बसले होते, ते उठलेच नाहीत. त्यांची मुलगी मॅरिट शहरातून चार तास गाडी चालवत आली. मी आल्यापासून ती उन्हाळ्यातच येत असे. माझ्याशेजारी बसून वडिलांशी गप्पा मारणारी मॅरिट मला चांगली ठाऊक होती. हिवाळ्यातली मॅरिट मी कधी पाहिली नव्हती.

आमच्याकडे शेजाऱ्याचे माणूस गेले की लोक फारसे बोलत नाहीत. ते बर्फ काढतात. दुसऱ्या दिवशी मॅरिट उठायच्या आत समोरचा लाइल कोस्की आला. त्याने गाडीरस्ता साफ केला, पायऱ्या साफ केल्या, ओटा अगदी लाकूड दिसेपर्यंत खरवडला. एवढ्या मायेने कुणी काम करताना मी पाहिले नाही. त्या मायेतच माझी भिंतही गेली. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

जाताना तो दाराशी थांबला. काही हात लावू का, असे त्याने विचारले. मॅरिट म्हणाली, नको, ठीक आहे. त्याने पुन्हा विचारले, तिने पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदाही तेच झाले. आमच्याकडे तिसऱ्या नकारानंतर माणूस मुकाट निघून जातो. चौथ्यांदा विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात पाय अडकवणे.

चर्चचे स्वयंपाकघर व्हर्नाबाई सांभाळतात. वय एकोणऐंशी. त्या दुपारी आल्या आणि ओट्यावरच उभ्या राहून म्हणाल्या की, दुकानातून कापलेला हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचे तयार खारवलेले मांस, मागवते, तू काही बघू नकोस.

"मी करते," मॅरिट म्हणाली.

"तू? तुझ्या बापानं बारा वर्षांत मला या झाकणाला बोट लावू दिलं नाही. म्हणायचा, व्हर्ना, तुला धीर नाही."

"सगळ्यांचं त्यांनी केलं. त्यांचं दुकानातून यायला नको."

मग व्हर्नाबाईंनी वेळ बांधून दिली. प्रार्थना परवा सकाळी. उद्या दुपारी बाराच्या आत मांस जाळीवर गेले तरच ते संध्याकाळपर्यंत हाडापासून सुटेल आणि बायकांना ते उकलून ठेवता येईल. बारानंतर मात्र हॅम.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मॅरिट बाहेर आली. उणे अठरा होते आणि सरोवरावरून वारा होता. शेवटच्या महिन्यांत ओरिनना दम लागत असे, त्यामुळे माझ्या पोटात राख साठली होती. तिने ती गुडघ्यांवर बसून खरवडली. घरातल्या कोरड्या कांड्या ओतल्या, चादर घातली, चिमणी मोकळी ठेवली. म्हणजे बापाच्या गप्पांतले बरेच काही तिने लक्षात ठेवले होते. मी पेटले. शंभर, दीडशे, एकशे ऐंशी. आणि तिथेच अडकले.

मी काही हातचे राखून ठेवले नाही, मित्रांनो. पंखा फिरत होता, विस्तव लाल होता. पण मी जेवढी ऊब करी तेवढी वारा माझ्या पाठीवरून पुसून नेई. त्यात मॅरिट दर पाच मिनिटांनी झाकण उचलून आत पाही. विस्तव विझला तर नाही ना, या भीतीने. प्रत्येक वेळी वीस अंश हवेत जात.

नऊ वाजता व्हर्नाबाई रिकामे ट्रे घेऊन आल्या. त्यांनी काटा पाहिला. मग माझ्या मागे पाहिले, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.

"भिंत कुठाय?"

"कसली भिंत?"

व्हर्नाबाईंनी सांगितले. मॅरिट ऐकत राहिली आणि मग दोघींनी एकदमच रस्त्यापलीकडच्या घराकडे पाहिले.

"त्याला सांगू नकोस," व्हर्नाबाई हलकेच म्हणाल्या. "मरेपर्यंत मनाला लावून घेईल."

मग दोघींनी फावडी घेतली. पण कडाक्याच्या थंडीतला बर्फ साखरेसारखा असतो. थापला की घसरतो, रचला की वाऱ्यावर उडतो. अर्ध्या तासात गुडघ्याएवढा ढीग झाला आणि तोही सपाट झाला. व्हर्नाबाई धापा टाकत पायरीवर बसल्या.

"मी फोन करते दुकानात," त्या म्हणाल्या. "ओरिन काही म्हणणार नाही गं. कुणाचं मन दुखवण्यापेक्षा त्यानं हॅम खाल्ला असता."

मॅरिट फावड्यावर हात ठेवून उभी होती. तिने फावडे घराच्या भिंतीला टेकवले, पायऱ्या उतरली आणि रस्ता ओलांडला.

तिकडे काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. एवढे दिसले की लाइलने दार उघडले, तिने माझ्याकडे हात केला, आणि त्या थंडीत त्याने डोक्यावरची टोपी काढली. बराच वेळ त्याने ती पुन्हा घातली नाही.

तो आला तो बर्फ कापायची लांब करवत आणि गोठलेल्या सरोवरावर मासेमारीला नेतात ती घसरगाडी घेऊन. रस्त्याच्या कडेला बर्फ हटवणाऱ्या गाडीने सारलेल्या बर्फाची रांग असते. दाबून दाबून ती दगड झालेली असते. लाइल तिच्यातून ठोकळे कापत गेला आणि मॅरिट ते ओढून आणत गेली. व्हर्नाबाई पायरीवर बसून, कुठला ठोकळा कुठे बसवायचा हे सांगत होत्या. आणि चुकीचे सांगत होत्या, म्हणून लाइलने त्यांना दोनदा गप्प बसायला सांगितले. आधी वाऱ्याची बाजू उभी राहिली, मग दोन्ही कुशी. सगळे हातभर लांब ठेवून.

शेवटचा ठोकळा ठेवून लाइल खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, नुसता साचलेला बर्फ आहे."

"मलाही तेच वाटलं असतं," मॅरिट म्हणाली. "माझ्या बाबांची भिंत, लाइल. बारा हिवाळे. आणि मला ठाऊकच नव्हती."

मॅरिटने डोळे पुसले, कारण आमच्याकडे या दिवसांत ओले डोळे गोठतात.

वारा थांबला नव्हता, पण आता तो भिंतीवर आपटून वर जात होता. माझ्या पाठीला ऊब लागली. दोनशे दहा. दोनशे चाळीस. मॅरिटचा हात झाकणाकडे गेला तसा व्हर्नाबाईंनी तो धरला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी काटा पावणेतीनशेवर आला. तिने मांस माझ्या जाळीवर ठेवले आणि झाकण लावले. खांदे चार होते.

चार वाजेपर्यंत तिने ते उघडले नाही. ती खिडकीतून नुसती बघत बसली. संध्याकाळी हाड हाताने ओढताच स्वच्छ निघून आले.

जेवणाला मी नव्हते. व्हर्नाबाई रिकामे ट्रे परत घेऊन आल्या तेव्हा मला कळले. त्या सांगत होत्या की लोक पुन्हा पुन्हा उठून वाढून घेत होते आणि लाइल ताट पुसून म्हणाला, वाईट नव्हतं. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी कुणी देत नाही.

हिवाळ्यात आमची जमीन लोखंडासारखी असते. तिच्यात खड्डा पडत नाही, म्हणून शवपेट्या तोवर दफनभूमीच्या कोठीत ठेवतात. ओरिनना मातीसाठी वसंतापर्यंत थांबावे लागले. एप्रिलच्या अखेरीस माझी भिंत वितळून ओट्याच्या फटींतून वाहून गेली आणि त्याच आठवड्यात जमीन मऊ झाली. मॅरिट पुन्हा आली. दफनाच्या दिवशी तिने मला पेटवले, तेव्हा मी दहा मिनिटांत तापले. ऊन होते, वारा पडला होता. कुणाच्या मदतीची काही गरज नव्हती. तरी ती रस्ता ओलांडून लाइलला बोलवायला गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांची राख काढा, त्यांना कोरड्यात ठेवा. त्या तापल्या नाहीत तर त्यांच्यावर रागावण्याआधी वारा कुठून येतो ते पाहा. आणि ज्या घरातले माणूस गेले आहे तिथे आवरायला जाल, तेव्हा जरूर जा, पण हात घालण्याआधी एकदा विचारा, यातले काय राहू देऊ?