मातालेनाचं नख

मातालेनाच्या उजव्या अंगठ्याचं नख बोटाच्या चांगलं पुढे आलेलं होतं. जाड, जुन्या शिंपल्यासारखं पिवळट, आणि टोकाला मधोमध एक बारीक खाच. ती खाच कुणी पाडली नव्हती. केवड्याची पानं चिरता चिरता आपोआप पडली होती.

बेटावरच्या त्या गावातल्या बाकीच्या बायका चटयांसाठी पान टाचणीने चिरत. मातालेना टाचणीला हात लावत नसे. तिच्या आईनेही कधी लावला नव्हता. पानाच्या टोकाला नख रुतवायचं, पट्टी खाचेत बसली की हात सरळ मागे ओढायचा. पट्टी शेवटपर्यंत एकाच रुंदीची निघते आणि तिची कड बोटाला लागत नाही. टाचणीची कड लागते. शेजारची सुलिआ तर डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगायची, कुठलं विणकाम टाचणीचं आणि कुठलं नखाचं.

म्हणून मातालेना त्या नखाला जपायची. कपडे धुताना अंगठा वर धरायची. तारोच्या कंदांची साल काढायचं काम भाचीवर टाकायची. भाची कुरकुरायची, "आत्याचा अंगठा म्हणजे घरातली राणी."

यंदा तर जास्तच जपत होती. तिचा भाऊ तोमासी, त्याला महिनाअखेरीस घराण्याच्या प्रमुखाचं पद मिळायचं होतं. त्या दिवशी घराण्याकडून एक इए मांडली जाणार होती. इए म्हणजे नावाला चटई. ती कधी कुणी जमिनीवर अंथरत नाही, त्यावर झोपत नाही. कापडासारखी मऊ असते, आणि लग्नात, मयतीत, मानाच्या दिवशी माणसापेक्षा तिच्याकडेच जास्त डोळे असतात. मातालेनाने ती विणायला घेतली तेव्हा तोमासीचे केस काळे होते. आता वीतभर विणायची राहिली होती. तेवढ्यापुरती पानं सोलून, समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून तिने गुंडाळून ठेवली होती. तेवढीच. नवीन करायला आता वेळ नव्हता.

समारंभासाठी म्हणून तिची मुलगी उईला ऑकलंडहून आली. सात-आठ वर्षांची असताना तिला शाळेसाठी चुलतीकडे धाडली होती, ती तिकडचीच झाली. मधे दोनदा आली, दोन्ही वेळा मयतीला. आता ती तिथल्या एका दुकानात क्रीम, पावडर, नेलपॉलिश असलं सामान विकायची. येताना आईसाठी एक मोठा डबा घेऊन आली. त्यात नेलकटर होतं, पत्र्याची आणि कागदाची अशा दोन कानशी, नखाच्या मुळाची कातडी मागे सारायची काडी, चकाकी आणायचा मऊ ठोकळा, तेलाची इवलीशी बाटली, नख कडक करायचं पातळ औषध, चिकटवायची प्लास्टिकची नखं आणि त्यांचा गोंद.

"हे सगळं एका माणसाच्या नखांना लागतं?" मातालेनाने विचारलं.

"हातांना दहा आणि पायांना दहा. वीस आहेत, आई."

"मला वाटलं, तिकडच्या लोकांना जास्त असतात."

रविवारी चर्चमधून आल्यावर सगळे जेवले. भट्टीतला तारो, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, मासा. मग घरोघरी माणसं आडवी झाली. मातालेना खांबाला टेकून बसली होती. उईला कोमट पाण्याचा वाडगा घेऊन तिच्यापुढे मांडी घालून बसली.

"आई, हात दे."

"आज रविवार आहे, बाई. पाद्रीबाबांची बायको समोरच राहते. आज इथे कुणी सुईसुद्धा उचलत नाही."

"हे काम नाही, सेवा आहे. सेवेला रविवार चालतो. तूच फोनवर सांगायचीस."

मातालेनाने समोरच्या घराकडे एकदा पाहिलं. तिने डावा हात पुढे केला. उजव्याची पाळी आली की अंगठ्याचं सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. उईलाने बोटं कोमट पाण्यात बुडवली, पुसली, मुळाची कातडी काडीने हळूहळू मागे सारली. तिचा हात हलका होता. या पोरीने शेवटचं आपलं बोट कधी धरलं होतं, ते मातालेनाला आठवेना. विमानतळावर धरलं असणार. पोट भरलेलं, वारा समुद्राकडून येत होता. एक एक बोट चोळलं जात होतं. तिचे डोळे मिटले.

झोपेत तिने कुठेतरी कट्ट असा आवाज ऐकला. पाल असेल, असं तिला वाटलं.

जागी झाली तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते. सगळी नखं एकसारखी, गोल, फिकट गुलाबी, चकाकणारी. अंगठ्याचंही. मातालेनाने ते नुसतं पाहिलं. मग बोटाने चाचपलं. बोटाच्या टोकाशी सपाट होतं सगळं, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

"आवडलं?" उईला विचारत होती. "या अंगठ्याला फार वेळ लागला. किती वर्षं कापलं नव्हतंस गं? मधोमध तडासुद्धा गेला होता. दुखायचं असेल."

जो सेवा घेतो त्याने तिच्यात खोट काढू नये. हे मातालेनाला कुणी शिकवलं नव्हतं, अंगात होतं. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"छान झालंय. तुझा हात हलका आहे. देव तुझं भलं करो."

सोमवारी सकाळी गावातल्या बायकांच्या विणकामाच्या घरात तिने पान हातात घेतलं. अंगठा लावला. नख घसरलं. पुन्हा लावला, पुन्हा घसरलं. डाव्या अंगठ्याने करून पाहिलं, तर पट्टी मधेच वाकडी होऊन तुटली. ती तुटकी पट्टी तिने मांडीखाली सारली.

पलीकडून सुलिआ बघत होती.

"काय गं मातालेना, नखं लकाकतायत. या वयात नवरी व्हायचा बेत आहे की काय?"

दोघीतिघी हसल्या. मग सुलिआचं लक्ष अंगठ्याकडे गेलं आणि तिचं हसू थांबलं. ती सरकत जवळ आली.

"हे कुणी केलं?"

"वाढलं होतं फार. मीच म्हटलं, काप."

"खोटं बोलायचं तर रविवारी चर्चला का जातेस?" सुलिआने आवाज खाली आणला. "वीतभर राहिलंय ना? घे माझी टाचणी. मी कुणाला सांगणार नाही."

"तू नाही सांगणार. तुझा हातच सांगेल, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर."

समारंभाच्या आदल्या दिवशी नव्या इए उलगडून गावातून मिरवायच्या, ही तिथली रीत. दारादारातल्या बायका पुढे येऊन कडेवरून हात फिरवतात. शेवटची वीत खरखरीत लागली असती तर ती इए मातालेनाची नव्हे, थकलेल्या म्हातारीची ठरली असती. आणि तोमासीच्या पदाच्या दिवशी लोक तेवढंच बोलले असते.

तेवढ्यात उईला कोकोची किटली घेऊन आली. वाकून, सगळ्यांची माफी मागत बायकांमधून वाट काढली तिने, तिकडे वाढली तरी इथली ही रीत विसरली नव्हती.

"ये, ये, ऑकलंडच्या बाईसाहेब," सुलिआ म्हणाली. "आईचं हत्यार कुठे टाकलंस?"

"कसलं हत्यार, मावशी?"

"सुलिआ, गप्प बस," मातालेना म्हणाली.

"का गप्प बसू? पोरीला ठाऊक नसेल तर ती पुढच्या वर्षी दुसरा अंगठा कापेल." आणि सुलिआने सगळं सांगून टाकलं.

उईलाने किटली खाली ठेवली. ती उठली आणि घराकडे धावली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा हात राखेने माखलेले होते, आणि एका हातात तो डबा.

"तुझ्या भाचीने केर जाळला," ती म्हणाली. "नख सापडलं असतं तर चिकटवलं असतं."

"कापलेलं नख चिकटवणार होतीस?" सुलिआ म्हणाली. "देवा!"

पण उईला ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तिने प्लास्टिकच्या नखांतलं एक निवडलं, गोंद लावून आईच्या अंगठ्यावर दाबून धरलं. मातालेनाने पान घेतलं, नख रुतवलं आणि ओढलं. टण्ण! नख उडालं ते थेट सुलिआच्या कोकोत. सुलिआने पेल्यात पाहिलं.

"साखर पुरे होती, पोरी."

सगळं घर हसलं, मातालेनाही हसली. उईलाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. तिने मग आईच्याच नखावर कडक करायच्या औषधाचे हात दिले, एकावर एक, वाळू दिले. या वेळी नख पानात रुतलं, पण पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी लागली. मातालेनाने पट्टी बाजूला ठेवली.

"माफ कर गं, आई. काल तू का नाही बोललीस?"

"काल तू माझा हात धरला होतास," मातालेना म्हणाली. "ते सोडून दुसरं काय बोलायचं?"

मग ती पोरीच्या हाताकडे पाहत राहिली. उईलाची नखं लांब होती, गर्द लाल.

"ही तुझी आहेत की दुकानातली?"

"माझीच आहेत. वरचा रंग तेवढा दुकानातला."

"उजव्या अंगठ्याचा रंग पुसून टाक. एवढ्याचाच. पानाला लाल लागलं तर जात नाही."

उईलाने कापूस घेतला, रंग पुसला, मग साबणाने दोनदा हात धुतले. मातालेनाने चष्मा लावला, डब्यातली पत्र्याची कानस उचलली आणि पोरीचा अंगठा आपल्या गुडघ्यावर ठेवून घेतला. कानशीच्या कोपऱ्याने ती टोकाच्या मधोमध हळूच घासू लागली. थोडं घासायचं, फुंकर मारायची, आपल्या बोटाने चाचपायचं. जी खाच पडायला तिला कितीतरी वर्षं लागली होती, ती त्या सकाळी कोको गार व्हायच्या आत झाली.

"या डब्यात ही एक वस्तू बरी आहे," ती म्हणाली.

आधी साध्या चटईची राकट पानं चिरायला दिली. उईलाने अर्धी टोपली वाया घालवली. पट्टी वर बारीक, खाली जाड.

"मनगट वळवू नकोस. कोपरापासून ओढ."

"कोपरापासूनच ओढतेय."

"ते तू सांगतेस. पान तसं म्हणत नाही."

नखाचा कोपरा फाटला तेव्हा उईलाने कागदी कानशीने तो जागच्या जागी गुळगुळीत केला. ते तिला येत होतं. संध्याकाळी दोघी पायरीवर बसत आणि तिच्या अंगठ्याला खोबरेल तेल चोळत. दुकानाच्या बाटलीतलं तेल दुसऱ्याच दिवशी संपलं होतं. भांडी घासताना ती अंगठा वर धरायला लागली. भाचीने कपाळावर हात मारला. "झालं! आता घरात दोन राण्या."

शेवटी एके दिवशी मातालेनाने गुंडाळलेली पांढरी पानं सोडली. उईलाने चिरायचं आणि तिने विणायचं. पहिलं पान फुकट गेलं. मातालेनाने उरलेल्या पानांवरून हात फिरवला. दुसऱ्यातल्या निम्म्या पट्ट्या चालल्या. तिसरं पान टोकापासून टोकापर्यंत सरळ निघालं, आणि त्याचा सूं असा आवाज आला. मातालेनाने मान वर केली. तो आवाज तिने आजवर फक्त आपल्याच हाताचा ऐकला होता, आणि त्याआधी आईच्या.

पानं पुरली. जेमतेम पुरली. शेवटची पट्टी विणून झाली, कडेला लाल पिसं शिवली.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. बायकांनी नव्या इए उलगडून चार कोपऱ्यांना धरल्या आणि गाणी म्हणत निघाल्या. मातालेनाच्या इएचा पुढचा एक कोपरा तिच्या हातात होता, शेजारचा उईलाच्या. दारादारांतून बायका पुढे येत होत्या, हात फिरवत होत्या, वाहवा करत होत्या. एकीने उईलाचे हात पाहून विचारलंही, "एका बोटाला रंग कमी पडला का गं? बाटली संपली?"

सुलिआ आपल्या दारात उभी होती. ती आली, डोळे मिटले, आणि इएच्या मागच्या टोकापासून कडेवर हात ठेवून चालू लागली. गाणं चालू होतं, पण जवळच्या बायका तिच्या हाताकडे बघू लागल्या. पुढच्या टोकाला वीतभर राहिलं तेव्हा तिचा हात थांबला.

"इथून दुसरा हात आहे," ती म्हणाली.

"हो," मातालेना म्हणाली. "इथून उईलाचा."

सुलिआने तेवढ्या जागेवरून पुन्हा हात नेला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"थोडं जाडं आहे."

"आहे."

"पण टाचणी नाही." तिने डोळे उघडले. मग उईलाचा उजवा हात ओढून घेतला आणि त्या बिनरंगाच्या नखावर आपलं नख दाबून पाहिलं, बायका बाजारात फणस दाबून बघतात तसं. "अजून मऊ आहे. आता कापू नकोस."

"दुकानात विचारतील, मावशी. आम्हाला नखं नीट ठेवावी लागतात."

"मग सांग, नीटच आहे."

सुलिआ बाजूला झाली. बायका पुन्हा चालू लागल्या. वळणावर वारा आला, इए शिडासारखी फुगली आणि सगळ्यांनी कोपरे घट्ट आवळले. मातालेनाने शेजारी पाहिलं. उईलाने चार बोटांनी कोपरा पक्का धरला होता, आणि अंगठा तेवढा वर, वेगळा ठेवला होता.